हात वर म्हणजे गप्प

२ मार्च

सूनबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र बाजूला ठेवलं असशील. ठेव. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. फक्त फाडू नकोस, कारण आत भुंगीसाठी बोटीचा फोटो आहे, आणि माझ्या नातीनं तुझं काही घोडं मारलेलं नाही.

तू घर सोडून अकरा महिने झाले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही, दाराखालून आपलं आपण आत येतं, चिवट पाहुण्यासारखं. मी जन्मभर धंदा केला तो असाच. एक दार लागलं की दुसरं कुठलं किलकिलं आहे ते बघायचं.

इकडची खबर. देवमासे दाखवायचा हंगाम परवा सुरू झाला. बोटीच्या तळाचं शेवाळ खरवडून काढलं, रंग दिला. इंजिन बघणारा आपला मिस्त्री म्हणाला, "अण्णा, निळाच ना?" म्हटलं, "निळाच. देवमाशांनी ओळखायला नको का?" पहिल्या फेरीला चौदा माणसं. एका बाईंनी तिकीट खिडकीवर विचारलं, "देवमासा किती वाजता येतो?" खिडकीवरच्या मावशी चेहरा जराही न हलवता म्हणाल्या, "त्याला आम्ही अकराची वेळ दिलीय, पण तो जरा आळशी आहे." बाईंनी मान डोलावली आणि घड्याळ लावून घेतलं.

आळशी बारा पंचवीसला आला. भुंगीला सांग, तिचा कानतुट्या परत आलाय. शेपटीचा डावा कोपरा तसाच तुटका. शेपटीला कान कसा म्हणतेस म्हणून तिचा बाप तिच्याशी दोन दिवस भांडला होता आणि शेवटी स्वतःच हरून वहीत 'कानतुट्या' लिहून ठेवलं होतं. ती वही माझ्याकडे आहे.

तुझं शिवणाचं मशीन समोरच्या खोलीत होतं तिथंच आहे. दर रविवारी तेल घालतो आणि चाक हातानं दोनदा फिरवतो. आवाज स्वच्छ आहे. बोटीच्या ताडपत्र्या आता बाहेरून शिवून घेतो, पण तो शिंपी असे टाके घालतो की पाऊस वरून विचारतो, येऊ का आत?

आता मुद्द्यावर येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भुंगीला पंधरा दिवस इकडे पाठव. न्यायला मी येईन, दारातूनच घेऊन जाईन, आत ये म्हणायची तोशीस तुला नको. बोटीवर नेणार नाही, हवं तर लिहून देतो.

त्यानं हाक मारली होती का, असं घर सोडताना तू मला विचारलंस, त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं होतं, आणि बंदर कार्यालयातही तेच लिहून दिलंय. पोरगा बोटीच्या मागच्या फळीवरून पाण्यात पडला, तेव्हा बोटीवर बावीस प्रवासी होते, मी होतो, मिस्त्री होता. कुणालाही काही ऐकू आलं नाही. माझे कान तुला माहीत आहेत. हाक आली असती तर ती मला ऐकू आलीच असती. याच्यापलीकडे मी काय सांगू?

अण्णा

२१ मार्च

सूनबाई,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, मी वाट बघण्याच्याच धंद्यात आहे.

पार्सल पाठवतोय. त्यात भुंगीची दुर्बीण आहे, तिचे रबरी बूट आहेत (आता होणार नाहीत, पण टाकवत नाहीत), आणि तुझी मोठी कात्री. कात्री मिस्त्रीनं पत्रा कापायला मागितली होती. म्हटलं, "हात लावलास तर आधी तुझी मिशी कापीन."

मिस्त्रीशी सध्या माझं जमत नाही. तुला सगळं कळलेलं बरं, म्हणून लिहितो. आपल्या बोटीची रीत तुला ठाऊक आहे. देवमासा खाली गेला की इंजिन बंद, मी पुढच्या टोकाला, डोळे मिटून, आणि हात वर. हात वर म्हणजे गप्प. मग तो मंत्री असो की तान्हं मूल, माझ्या बोटीवर हात वर असताना कुणी ब्र काढत नाही. आणि मग त्या शांततेत कुठून तरी तो श्वास येतो, बसचं दार उघडल्यासारखा, फुस्स. बाकीच्या बोटी पाण्यावर डोळे ताणत बसतात आणि मी बोट दाखवतो, "तिकडे, उजवीकडे." लोकांना वाटतं जादू. जादू कसली. पोटासाठी दुसऱ्याच्या बोटीवर माशांच्या पेट्या धूत होतो, तेव्हा धुक्यात मालकाला दिसायचं नाही आणि मला ऐकू यायचं. तेवढ्या भांडवलावर ही बोट उभी राहिली. खिडकीवर पाटी लावली होती ना आपण, 'आम्ही देवमासा आधी ऐकतो, मग दाखवतो.' रंगवली तुझ्याच नवऱ्यानं.

तर ती पाटी मी यंदा काढून ठेवलीय. आणि हात वर करणं बंद केलंय.

मिस्त्रीला वाटतं माझं डोकं फिरलं. काल चार फेऱ्यांत आम्हाला एकही देवमासा मिळाला नाही. मुलं बडबडत होती, एक गृहस्थ फोनवर कुणाला तरी घराच्या चाव्या कुठं ठेवल्यात ते समजावत होते, आणि मी आपला इंजिन बंद करून सगळ्यांबरोबर पाण्याकडे बघत उभा. परतताना मिस्त्री म्हणाला, "अण्णा, कान गेले का?"

म्हटलं, "कान आहेत. तुझं बोलणं ऐकू येतंय ना दुर्दैवानं?"

"मग हात का नाही वर करत? लोक गप्प बसतील तर ऐकू येईल ना."

"लोकांना बोलू दे. पैसे देऊन येतात, बोलू दे."

 नंतर मला दिसलं, मी पाटी जिथं उलटी करून ठेवलीय तिथं जाऊन त्यानं ती पुसून परत तशीच उलटी ठेवली.

मागच्या फळीवर आता तोच उभा राहतो. तरंगायचं जाकीट घालून. मी घालायला लावलंय. पूर्वी आपल्यात कुणी घालत नसे. प्रवाशांना सक्ती, आणि आपण मात्र जणू माशाच्या पोटचे.

भुंगीचं काय ठरवलंस ते दोन ओळीत कळव. नको असेल तर नको म्हण. 'नको' ऐकायचीही सवय आहे मला, धंदाच तसा आहे.

अण्णा

८ एप्रिल

सूनबाई,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी बोटीवर होतो. वाचून खिशात ठेवलं, दोन फेऱ्या केल्या, घरी येऊन परत वाचलं. तू लिहिलंयस ते तुझ्याच शब्दांत खाली उतरवतो, म्हणजे मला कळलंय ते बरोबर आहे की नाही ते तुलाही कळेल.

"अण्णा, त्या दिवशी सकाळी मी त्याला म्हणाले होते, समुद्र एवढा लाडका आहे तर तिथंच राहा, परत येऊ नकोस. तो काही न बोलता गेला. तुम्ही म्हणता, हाक आली असती तर मला ऐकू आलीच असती. तुमचे कान मला माहीत आहेत. म्हणजे त्यानं हाक मारलीच नाही. पोहता येणारा माणूस पाण्यात पडतो आणि हाक मारत नाही, याचा अर्थ मला कळतो. भुंगीला अजून कळत नाही. कळेल तेव्हा तिला मी काय सांगू, तेवढं सांगा. सुट्टीचं नंतर बघू."

पोरी, असलं काही डोक्यात आणू नकोस.

ते भांडण मला माहीत होतं. आपल्या घराच्या भिंती पातळ आणि माझे कान असे. तुला तुझ्या बहिणीच्या गावी बिऱ्हाड हलवायचं होतं. तिथल्या कारखान्यात त्याच्यासाठी जागा होती, आणि त्यानं तुला हो म्हटलं होतं, पण मला सांगायची त्याची हिंमत होत नव्हती. चार महिने होत नव्हती. मला मात्र पहिल्या आठवड्यातच सगळं ऐकू आलं होतं. मीच विचारायला हवं होतं, "जातोस का रे?" नाही विचारलं. म्हटलं, तो सांगत नाही तोवर मला ठाऊक नाही. एवढा शहाणपणा केला.

बाकी तू म्हणालीस त्यात विशेष काय? संसारात लोक एकमेकांना याहून वाईट बोलतात. तुझी सासू मला आठवड्यातून दोनदा सांगायची, जा आणि बूड एकदाचा. मी रोज परत येऊन जेवायला बसत होतो.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

आणि हाक मारली नाही असं कशावरून? वारा असतो. लाटांचा आवाज असतो. त्या दिवशी बोटीवर मुलं होती, किंचाळत असतील. बंदर कार्यालयात माणूस घाईत काहीतरी बोलतो, ते काय दगडावरची रेघ नव्हे. मारलीही असेल हाक. वाऱ्यानं नेली असेल. भुंगीला असंच सांग, वाऱ्यानं नेली.

मनाला लावून घेऊ नकोस. जेवत जा.

अण्णा

९ एप्रिल

सूनबाई,

कालचं पत्र तुला याच्या आधी मिळेल. मिळू नये म्हणून आज सकाळी पोस्टात गेलो होतो. खिडकीवरच्याला म्हटलं, काल पेटीत टाकलेलं माझं पत्र परत हवं आहे. तो म्हणाला, "पेटीत पडलं की परत मिळत नाही." म्हटलं, "अहो, अक्षर माझं आहे, ओळखून दाखवतो." तो म्हणाला, "अक्षर तुमचं, पत्र त्यांचं." एरवी मी असल्या माणसाला दोन मिनिटांत हसवून काम करून घेतो. आज जमलं नाही. तिथल्याच बाकावर बसून हे लिहितोय.

त्या दिवशी वारा नव्हता. तुला माहीत आहे. सकाळी तू दोरीवर चादरी घातल्या होत्यास आणि दुपारपर्यंत त्यातली एक हलली नव्हती. मुलंही किंचाळत नव्हती. माझा हात वर असताना माझ्या बोटीवर मूल किंचाळेल? बावीस माणसं श्वास धरून उभी होती.

तुझ्या नवऱ्यानं हाक मारली होती. मला ऐकू आली होती.

आता सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर परत लिहिता येणार नाही, तेव्हा कसंही लिहिलं गेलं तरी वाच.

मी पुढच्या टोकाला होतो, डोळे मिटून, अंगठा घड्याळावर. मादी आणि तिचं पिल्लू खाली जाऊन सहा मिनिटं होऊन गेली होती. पिल्लू एवढा वेळ खाली राहत नाही, म्हणजे कुठल्याही क्षणी वर येणार. प्रवासी सगळे माझ्या मागे, पुढच्या भागात. मध्ये केबिन. मिस्त्री खाली इंजिनात डोकं घालून पंप बघत होता. पोरगा एकटा मागच्या फळीवर, देवमाशांचा आवाज ऐकवायचा मायक्रोफोन पाण्यात सोडत होता. फळी ओली असते. तिथं काहीतरी झालं. घसरला असेल, वायरमध्ये पाय आला असेल. ते मला माहीत नाही आणि कुणालाच कधी कळणार नाही.

आधी एक आवाज आला, पाण्यात जड काही पडल्याचा. मोठा नाही. मग तो बोलला. एकदाच. मी आवाज ओळखला. ओळखणार नाही का? आणि शब्द डोक्यात उतरायच्या आत, मागे वळून न बघता, मी आधीच वर असलेला हात आणखी उंच केला. गप्प.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं तेही सांगतो, कारण अर्धं सांगून मी तुला वर्षभर कुठं नेऊन ठेवलंय ते काल वाचलं. मनात आलं, "इतकी वर्षं झाली, गाढवाला अजून कळत नाही." एवढंच.

आणि तो गप्प झाला.

सहाव्या वर्षापासून मी त्याला बोटीवर नेत होतो. एकदा लहानपणी त्याचं बोट दारात चेमटलं होतं, माझा हात वर होता, तर देवमासा येऊन जाईपर्यंत तो तोंडात बोट धरून उभा राहिला, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि आवाज नाही. मी ही गोष्ट शेकडो प्रवाशांना कौतुकानं सांगितलीय. लोक टाळ्या वाजवायचे.

डॉक्टर म्हणाले, पाणी इतकं थंड होतं की पहिल्या हाकेनंतर दुसरीला श्वास उरत नाही. मी त्यांचं ऐकतो. निम्मं ऐकतो. मागच्या वर्षी, तू गेल्यावर, धक्क्याला लावलेल्या बोटीवर मिस्त्रीला पुढं उभं केलं, हात वर कर म्हटलं, आणि मी कपड्यांसकट मागून पाण्यात उतरलो. मिस्त्रीला सांगितलं, तळाला चीर आहे का बघतोय. केबिनच्या कडेनं हात दिसतो. कोपरापासून वर पूर्ण दिसतो.

पुढचं तुला चौकशीत कळलेलंच आहे. मादी बोटीपासून दहा हातांवर वर आली, पिल्लू तिच्या अंगाला घासत. आयुष्यात एवढ्या जवळून मी बघितली नव्हती. लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात धरून ठेवला होता. चार मिनिटं. मग मी मागे गेलो, त्याला विचारायला, "बघितलंस का रे?" फळी रिकामी होती आणि मायक्रोफोनची वायर पाण्यात सरळ खाली गेलेली. बोट प्रवाहाबरोबर वाहत होती, तो कुठल्या बाजूला राहिला तेही कळेना. इंजिन लावायचं की नाही, हा प्रश्न पडला मला. लावलं तर तो हाक मारेल ती ऐकू येणार नाही. मी परत हात वर केला, सूनबाई. आणि सगळे गप्प झाले. आणि काही आलं नाही.

खोटं का बोललो? बंदर कार्यालयात साहेबांनी विचारलं, "हाक वगैरे?" तेव्हा मिस्त्री शेजारी होता, बाहेर तू बसली होतीस. पहिल्यांदा भीतीनंच बोललो. मग बोलता बोलता त्याला माझा नेहमीचा बाज आला, प्रवाशांसमोर बोलतो तसा. हाक आली असती तर मला ऐकू आलीच असती. साहेबांनी मान हलवली, या माणसाचे कान सगळ्या बंदराला माहीत. त्या एका वाक्यात माझे कानही वाचले आणि हातही. तू ते वाक्य उचलशील आणि पुढं असा हिशेब मांडशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. जगाचं बोलणं भिंतीतून ऐकणाऱ्या माणसाला, तू वर्षभर गप्प का आहेस, ते ऐकू आलं नाही.

त्यानं हाक मारली. तुझ्या त्या बोलण्याचा आणि त्याच्या जाण्याचा काही संबंध नाही. संबंध माझ्या हाताचा आहे. भुंगीला कळेल तेव्हा हेच सांग, आजोबांनी सांगितलंय म्हणून सांग. तिनं नंतर माझं नाव घेतलं नाही तरी चालेल.

सुट्टीचं मागणं मी मागे घेतो. उद्या बंदर कार्यालयात जाऊन जबाब बदलणार आहे. हे पत्र मात्र आत्ता, याच खिडकीवर देतोय. खिडकीवरचा म्हणतो परत मिळत नाही, ते बरंच आहे.

अण्णा

२९ एप्रिल

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. मागे पुढे बघितलं, दोनच शब्द आहेत. "काय म्हणाला?"

मी एवढंच लिहिलं होतं की तो एकदा बोलला. काय बोलला ते लिहिलं नव्हतं. विसरलो म्हणून नाही. तू ते नेमकं पकडलंस. या घरात कान फक्त मलाच आहेत असं मी समजत होतो.

आधी इकडचं सांगून टाकतो. जबाब बदलला. साहेबांनी दोनदा विचारलं, "नक्की? आता वर्षानं?" मग लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. परवाना तूर्त त्यांच्या कपाटात आहे. बोट धक्क्याला बांधलीय. मिस्त्रीला मी स्वतः सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मीपण खाली पंपाचा आवाज करत होतो, अण्णा." म्हटलं, "तू वाटणी मागू नकोस. यात वाटणी नाही." आठवडाभर आला नाही. परवा आला, रिकाम्या बोटीतलं पाणी उपसलं आणि गेला.

आता तुझ्या प्रश्नाचं.

खरं सांगतो, कार्ड समोर ठेवून मी दोन दिवस विचार केला की काय लिहावं. मी लोकांना खूश करून पोट भरलंय. समोरच्याला काय ऐकायचं असतं ते मला त्याच्या आधी कळतं. तुझं नाव घेतलं असं लिहिता आलं असतं. भुंगीचं लिहिता आलं असतं, ते तर तुला जन्मभर पुरलं असतं. कुणी पडताळून बघणार नव्हतं, ऐकणारा मी एकटा. एक पत्र तसं लिहिलंही. वाचायला फार चांगलं झालं होतं, तेव्हाच मला कळलं की हे टाकायचं नाही.

तुझं नाव घेतलं नाही. भुंगीचंही नाही. हातपाय मारणारा माणूस नावं घेत बसत नाही. तो म्हणाला, "अण्णा, दोर टाका."

तेवढंच. तीन शब्द.

ते शब्द माझ्या कानात पडले होते आणि मी ते आत येऊ दिले नाहीत. मागच्या फळीपासून दोन पावलांवर दोराचं वेटोळं टांगलेलं असतं. मी वळलो असतो तर दोर हातात यायला मला दहा आकडे मोजण्याएवढा वेळ लागला असता. मी मोजून बघितलंय. तो भाग माझा आहे, तू त्यात येऊ नकोस.

तुझा भाग वेगळा आहे. तू म्हणालीस, तिथंच राहा. ज्याला तिथंच राहायचं असतं तो दोर मागत नाही, पोरी. आणि आवाज कसा होता ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण ते मलाच सांगता येईल. घाबरलेला नव्हता. निरोप घेणाऱ्याचा तर नव्हताच नव्हता. तोंडात पाणी गेलेलं, दम लागलेला, आणि जरा चिडलेला, माझ्यावर चिडायचा तसा. लवकर करा, कशाला वेळ लावताय, असा. घरी जायला उशीर होत असलेल्या माणसाचा आवाज होता तो.

अण्णा